मरतानाचं शुद्ध मराठी

डावी भुवई कोरून झाली होती. उजवीवर दोरा पहिल्यांदा फिरला, तेवढ्यात वैजयंतीच्या कानावर तिचं स्वतःचं मरण पडलं. डोळे मिटलेले, मान खुर्चीच्या पाठीवर टाकलेली, पापणी आपल्याच दोन बोटांनी ताणून धरलेली. अशा वेळी माणसाला फक्त कान उरतात. पार्लरच्या भिंतीवरच्या टीव्हीत हॉस्पिटलातलं एक यंत्र टुकटुकत होतं. ते यंत्र तिला घरच्या घड्याळाइतकं ओळखीचं, सहा सीझन तिने त्या टुकटुकीत काढले होते. पलंगाशी एक बाई हुंदके देत होती, तीही ओळखीची. ग्लिसरीनशिवाय रडते म्हणून सेटवर राणीसारखी मिरवायची. मग हुंदका थांबला, व्हायोलिनं थांबली, अमेरिकन मालिकेत माणूस मरायला टेकलं की सगळी सृष्टी कशी श्वास रोखून उभी राहते तशी राहिली, आणि एक बाई मराठीत म्हणाली, "जाते."

वैजयंतीने खाडकन डोळे उघडले. पडद्यावर तिचाच चेहरा, मेकअपवाल्याने तासभर खपून पांढराफटक केलेला. ओठही तिचेच, नुकतेच मिटत असलेले. आवाज मात्र तिचा नव्हता. तो 'ज'च तिचा नव्हता. 'जन्मा'तला नव्हे, 'जावया'तला ज, दातांमागे जीभ लावून सोडलेला. कोकणापासून नागपुरापर्यंत कुठल्याही शेंबड्या पोराला तो येतो आणि लंडनच्या एजवेअरमध्ये जन्मलेल्या वैजयंतीला चाळिशी उलटली तरी आला नव्हता. लहानपणी मंडळाच्या गणपतीत बायका तिला घोळक्यात धरून "बाळ, जांभूळ म्हण" म्हणायच्या आणि तिने जॅममधला ज लावून जांभूळ म्हटलं की लोटपोट हसायच्या. मग मरणाच्या दारात ही जीभ कुठून फुटली?

"ताई, हलू नका ना!" मीनल ओरडली. पार्लर तिचंच, ती मूळची डोंबिवलीची, दोन्ही हातांत आणि दातांत दोरा, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून यायचं. "आत्ता कापलं असतं. बघताय काय, हा तुमचाच ना डेथ सीन? मी तिसऱ्यांदा बघतेय. मागे माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, काय बाई ही, जन्मभर इंग्रजी बोलली, पण मरताना किती शुद्ध मराठी!"

"ते मी नाहीये."

"असं कसं?"

"आवाज. माझी आवाज नाहीये ती. कोणीतरी दुसरी बाई बोलली."

मीनलने टीव्हीकडे पाहिलं, मग आरशात वैजयंतीकडे पाहिलं. "तोंड तर तुमचंच आहे."

"तोंड माझा आहे!"

"माझं," मीनल दोऱ्याआडून सवयीने म्हणाली आणि म्हटल्याबरोबर चपापली, कारण वैजयंती खुर्चीतून उठली होती. गळ्याभोवतीचा टॉवेल तिने असा भिरकावला की तो शाम्पूच्या बाटल्या घेऊनच खाली बसला. "अहो ताई, एक राहिलीय! अशा कशा जाताय? लोक काय म्हणतील?" पण दार आपटलं होतं, आणि एक भुवई कमानदार नि एक झुडपासारखी अशी ती एजवेअरच्या फुटपाथवर जुलैच्या पांढुरक्या उजेडात येऊन उभी होती.

ती भुवया कोरायला आली होती तीसुद्धा त्या मेलेल्या बाईसाठीच. 'पिअर स्ट्रीट' नावाची ती मालिका अजून चालू होती, मेलेल्या डॉक्टर राधा सिंगवाचूनही चालली होती, आणि आता तिच्या निर्मात्याला, कार्लला, अमेरिकन टेलिव्हिजनचा सर्वांत जुना साक्षात्कार झाला होता: राधा सिंगला एक जुळी बहीण होती. एवढ्या वर्षांत ती कुणाला आठवली नव्हती. कार्ल आज चहाच्या वेळेला आईच्या घरच्या फोनवर फोन करणार होता, आणि वैजयंतीने हो म्हणायचं होतं. न म्हणून करते काय? दोन वर्षं ती लंडनमध्ये बसून होती. या दोन वर्षांत तिला बोलावणी आली ती एका मेलेल्या मुलाच्या आईसाठी, एका दहशतवाद्याच्या आईसाठी, आणि एका जाहिरातीत तांदळाकडे बघून समाधानाने मान डोलावण्यासाठी. जुळी बहीण म्हणजे पुन्हा काम, पुन्हा पहाटेची गाडी, पुन्हा आपल्या नावाची खुर्ची. सकाळपासून ती आरशासमोर हो म्हणण्याची तालीम करत होती, फार आनंदही नको, फार थंडपणाही नको, असा एक मधला 'यस' तिने शोधून ठेवला होता. आता तो घशात हाडासारखा आडवा झाला.

ती चालत राहिली. नुकतीच पबमध्ये सिगारेटला बंदी झाली होती, त्यामुळे सगळा पब बाहेर फुटपाथवर धूर सोडत उभा होता आणि त्या धुरातून जाताना एकाने तिच्या भुवईकडे पाहून ग्लास उंचावला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ग्लास खाली घेतला. संताप तिचा तसा जुनाच सोबती. ड्रामा स्कूलमध्ये असताना सर म्हणाले होते, तुझ्यात राणी आहे. आणि बाहेर पडल्यावर पहिलं काम मिळालं ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या बायकोचं, काउंटरमागे उभं राहून नवऱ्याला गोळी लागल्यावर किंचाळायचं. ती इतकं सुंदर किंचाळली की पुढची चार वर्षं इंग्लंडमधल्या सगळ्या दुकानदारांच्या बायका तीच होती. बर्मिंगहॅममध्ये किंचाळली, ब्रॅडफर्डमध्ये किंचाळली, एकदा तर नवरा वाचला तरी किंचाळली. मग चिडून अमेरिकेला गेली. तिथल्या एजंटने तिच्या नावाकडे बघून कपाळाला हात लावला आणि वैजयंतीची 'व्हाया' केली. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "व्हाया? ते काय मनमाडची गाडी आहे?" त्या काळात आई बोलायची. फोन ठेवेनाशी व्हायची. मिरजेची बाई ती, लग्न होऊन थंडीत येऊन पडली, बर्न्ट ओकच्या शाळेच्या गणवेषांच्या दुकानात अर्धं आयुष्य उभी राहिली, आणि बोलण्याची सगळी हौस तिने रविवारच्या त्या एका फोनवर भागवली.

व्हायाला राधा सिंग मिळाली ती निव्वळ बोलण्यावर. त्यांना लंडनची बाई नको होती, हिंदुस्थानची हवी होती, आणि तिने त्यांना जागच्या जागी एक हिंदुस्थानी इंग्रजी काढून दिलं, असं जिवंत की कार्ल खुर्चीतून उठला. बाकी राधा सिंगच्या घराण्याचा मेळ ब्रह्मदेवालाही लागला नसता. पहिल्या सीझनमध्ये तिचे वडील पगडी घालून आले, तिसऱ्यात तिचा भाऊ आला तो सुब्रमण्यम. पाचव्यात तिने हॉस्पिटलच्या गच्चीवर दिवाळी साजरी केली आणि सगळ्या नर्सांच्या अंगावर गुलाल उडवला. त्या दिवशी वैजयंतीने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, दिवाळीला रंग खेळत नाहीत. लेखक म्हणाले, पण दिसतात छान. ती म्हणाली, मग पेशंटलाही उलटा झोपवा, तेही छान दिसेल. सगळे हसले, कार्लही हसला, आणि पुढच्या सीझनच्या शेवटी हॉस्पिटलच्या लॉबीतलं गगनचुंबी ख्रिसमसचं झाड डॉक्टर राधा सिंगच्या अंगावर पडलं.

मरणाच्या सीनला ती भांडली नाही. फक्त एक मागितलं. कार्लच्या ऑफिसात जाऊन म्हणाली, सहा वर्षं तुम्ही सांगाल ते बोलले, शेवटचा एक शब्द मला माझ्या भाषेत बोलू द्या. कार्लच्या डोळ्यांत पाणी आलं; त्याच्या डोळ्यांत ते फार लवकर यायचं. आणि तिने शब्द निवडला 'येते'. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पोर असताना शाळेला निघताना ती इंग्रजीतून उचलून "आई, मी जाते" म्हणायची आणि आई पोळी लाटता लाटता लाटण्यासकट दारात यायची. "जाते म्हणू नये. जाणारी माणसं म्हणतात जाते. येते म्हण." रोजचं दप्तर, रोजचं लाटणं, रोजचं 'येते'. भाषेतलं बाकीचं तिच्या हातून निसटलं, लिंगं तर सगळी सांडली. काय 'तो' नि काय 'ती' हे तिला कधी कळलं नाही, तिच्या लेखी मराठीतली टेबलं-खुर्च्या पोशाख बदलून फिरत. पण एवढा एक शब्द हाडात बसला. आणि त्या खोट्या पलंगावर, खोट्या झाडाखालून काढल्यावर, कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगात बघून तो म्हणताना तिने अभिनय केला नव्हता. तिला ठाऊक होतं की हा भाग लंडनलाही दिसेल. त्या लाखो माणसांत एकच बाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली असेल जिला तो शब्द कळेल, आणि कळेल की काम संपलं, मुलगी घरी यायला निघाली. फोनवर असलं काही बोलायची दोघींनाही सवय नव्हती.

तिने तो भाग पाहिला मात्र नाही. आपलं मरण कोण बघतं? आणि त्यानंतर काय झालं, ते आता तिच्या डोक्यात एकेक दिवा लागावा तसं लागत गेलं आणि प्रत्येक दिव्याबरोबर ती अधिक भडकत गेली. लंडनला भाग दाखवला गेला त्या रविवारी आईचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. काही महिने अमेरिकेत दारं ठोठावून ती दोन सुटकेसी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आई म्हणाली, "आलीस?" आणि आत निघून गेली. तेव्हापासून आई तारेच्या भाषेत बोलायची. चहा आहे. कचरा बाहेर ठेव. वैजयंतीने मनाशी नाना कारणं लावून पाहिली: नोकरी गेली म्हणून, लग्न केलं नाही म्हणून, अण्णा, म्हणजे वडील, गेले तेव्हा शूटिंगमुळे दोन दिवस उशिरा पोचले म्हणून. भांडण काढून पाहिलं तर आई उठून स्वयंपाकघरात जायची. आणि बाहेर, मंडळात, साडीच्या दुकानात, बसच्या रांगेत, बाया येऊन दंड धरायच्या: "अगं, काय गेलीस! शेवटचं मराठी तर इतकं छान बोललीस, पुण्यात वाढल्यासारखी." आणि ती, गाढव, लाजून थँक यू म्हणायची! दोन वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या जिभेचे हार आपल्या गळ्यात घालून मिरवत होती. एका दिवाळीला तर तिने आग्रह झाला म्हणून स्टेजवर तो सीन करून दाखवला होता. आपला शब्द म्हटला, 'येते' म्हटला, आणि खाली बायका एकमेकींकडे बघून कुजबुजल्या होत्या. तिला वाटलं होतं, भारावल्या.

घराचं दार तिने किल्लीने उघडलं नाही, खांद्याने उघडलं. सुलक्षणाबाई समोरच्या खोलीत बसून मटाराच्या शेंगा सोलत होत्या. मांडीवर परात, अंगात जुना कार्डिगन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वर पाहिलं, लेकीच्या कपाळाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण तारेत बसणारं काही सुचलं नसावं. शेंग फोडली.

"आई, तू माझं मरायचा एपिसोड पाहिलास ना?"

शेंग हातातच राहिली.

"सांग ना. त्यात मी काय बोलली?"

"तुला ठाऊक नाही?"

"मला तुझ्याकडून पाहिजे."

"कशाला उकरतेस?" सुलक्षणाबाई म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांचं एवढं लांब वाक्य झालं नव्हतं आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या थांबल्या. मग परात उचलून त्यांनी बाजूला ठेवली. "बोललीस ते बोललीस. 'जाते' म्हणालीस. त्या अख्ख्या तमाशात मराठी कळणारं दुसरं कोण होतं? ते गोरे? तो सुब्रमण्यम? म्हणजे ते मलाच होतं. मी इथे बशीत चिवडा घेऊन बसलेय, आणि तू काचेतून माझ्याकडे बघून सांगतेस, जाते. म्हटलं ठीक आहे. स्वतः सांगून गेली, चोरून तर गेली नाही."

"मी नाही म्हणाली तसं! मी येते म्हणाली!"

"मी बहिरी नाही."

"आवाज माझा नव्हता, आई! त्यांनी बदलला. दुसरी बाईचा आवाज लावला. तुला कळला नाही? तुला? सगळ्या जगाला नाही कळला तरी चालेल, पण तुला माझा आवाज कळला नाही?"

सुलक्षणाबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते त्यांनाच माहीत. "वेगळा वाटला," त्या सावकाश म्हणाल्या. "ज फार नीट लागला होता. पण मी म्हटलं, मरतानाचा आवाज असाच निघत असेल. तू ट्रेनिंग घेतलंयस, मला काय कळतंय त्यातलं?"

वैजयंतीला हसू यायला हवं होतं. ते वाटेत कुठेतरी संतापाच्या हाती सापडलं आणि तिचा नुसता घसा खरवडून निघाला. एवढ्यात पॅसेजमधला फोन वाजला.

कार्ल कॅलिफोर्नियातल्या सकाळच्या उत्साहात होता. व्हाया, डार्लिंग, जुळी बहीण कमाल होणार आहे, तिचं नाव सीता ठेवलंय, ती बॉम्ब निकामी करते. वैजयंतीने विचारलं, माझ्या शेवटच्या शब्दाचं काय केलंत? कोणता शब्द, कार्ल म्हणाला. मग त्याला आठवलं आणि तो मोकळेपणाने हसला. अगं हो! फारच थोडक्यात वाचलीस. तुझ्याकडून चूक झाली होती. आमच्या कॉम्प्युटर खात्यात एक मुलगा होता, तुझ्याच भाषेचा, त्याला बोलावून विचारलं, हिने काय म्हटलंय? तो म्हणाला, 'आय अ‍ॅम कमिंग'. मग म्हटलं, बाई मरतेय, येते कुठून? 'आय अ‍ॅम गोइंग'ला काय म्हणतात? त्याने सांगितलं. त्याची बायको गोड आवाजाची, तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती आधी तयारच नव्हती, काहीतरी अंधश्रद्धा, असं बोलत नाहीत म्हणे, तोंडावर हात ठेवून बसली. नवऱ्याने समजावलं तेव्हा म्हणाली. आम्ही तिला मालिकेचं नाव छापलेला कॉफीचा मग दिला.

मग दिला. एक मग? वैजयंती घरभर ऐकू जाईल अशी ओरडली आणि फोनच्या वायरीचा पीळ बोटाला गुंडाळत राहिली, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. तिला तो मुलगा दिसला, गळ्यात ओळखपत्र, साहेबांच्या केबिनमध्ये पहिल्यांदाच आलेला, विचारलं तेवढंच खरं उत्तर देणारा. येते म्हणजे काय? येते. जाते म्हणजे काय? जाते. शब्दाला शब्द बरोबर, परीक्षेत पैकीच्या पैकी. आणि ती बायको, तिला ठाऊक होतं. त्या सबंध इमारतीत तिला एकटीला ठाऊक होतं, आणि तीही शेवटी तोंडावरचा हात काढून बोललीच. ह्या बाईवर चिडावं तरी कसं? सहा वर्षं आपण काय केलं? गुलाल उडवला. कार्ल विचारत होता, ऐकतेस ना? सीता पण शेवटी मरणार आहे, पण दोन सीझननंतर, आणि काळजी करू नकोस, भाषेचं या वेळी आम्ही आधीच तपासून घेऊ. वैजयंतीचा मधला 'यस' तिथेच हाताशी होता. तिने तो बाजूला सारला आणि स्वच्छ लंडनच्या इंग्रजीत म्हणाली, नो. मग एवढ्याने भागेना म्हणून मराठीत सुरू झाली. तो मेला, ती मेला, तुमचा झाड, तुमची बॉम्ब, सगळ्यांना आग लागली पाहिजे, अशी तिने शिव्यांची एक लांबलचक माळ ओवली, जिच्यात एकही नाम आपल्या लिंगाला लागून नव्हतं, आणि फोन आदळला.

वळली तर आई पॅसेजच्या तोंडाशी उभी.

"कामाला नाही म्हणालीस?"

"हो."

"डोकं फिरलंय का तुझं?" सुलक्षणाबाईंचा आवाज दोन वर्षं बंद असलेल्या नळासारखा आधी फुरफुरला आणि मग धो धो आला. "घरात बसून काय करणार आहेस? दोन वर्षं बघतेय, तोंडाला क्रीम लावून बसलेली असतेस खिडकीत! शिव्या देऊन काम टाकतात होय? तेही असल्या मराठीत? ती मेला! अगं, निदान शिव्या तरी नीट दे!"

"त्यांनी माझा आवाज काढून घेतला, आई! दुसऱ्याचा लावला, मला सांगितला पण नाही!"

"बरं मग?"

"बरं मग? ती चोरी आहे!"

"हो का?" सुलक्षणाबाई एक पाऊल पुढे आल्या. "चोरी आहे? मग ते डॉक्टर राधा सिंगचं इंग्रजी कुठून आणलं होतंस? 'मिस्टर पॅटरसन, आय अ‍ॅम टेलिंग यू, यू मस्ट टेक रेस्ट.' कुणाचं आहे ते? तुझं? तुझ्या बापाचं? अख्ख्या एजवेअरने ओळखलं. बर्न्ट ओकच्या दुकानात पोरांच्या आया गणवेष घ्यायच्या आणि मुद्दाम मला बोलायला लावायच्या, मिसेस, साइझ काय आहे सांगा ना, आणि मी बोलले की एकमेकींना कोपरं मारायच्या. सहा वर्षं! मला विचारलंस? मला कुणी मग तरी दिला?"

वैजयंतीने वायरीचा वळ उमटलेलं बोट चोळलं. कार्लच्या खोलीत तेव्हा, नोकरीसाठी जीव टांगणीला लागलेला असताना, तिने डोळे मिटले होते आणि रविवारच्या फोनवरचा आईचा आवाज आठवला होता. तेवढंच केलं होतं. त्या नकलेला ती कधी कुणाचं काही घेणं म्हणाली नव्हती, मनातसुद्धा नाही. घरातून निघताना माणूस काय काय उचलून नेतं त्याची झडती कोण घेतं? आणि ही बाई, हिने तर सहा वर्षं रविवारी फोनवर हूं की चूं केलं नव्हतं. दुकानात हसं करून घ्यायची आणि संध्याकाळी विचारायची, जेवलीस का? तिला भयंकर राग आला. कुणाचा ते मात्र आता नीट सांगता येईना.

"बोल की," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आता का गप्प? भांड!"

"तू सांगायचा ना मला!"

"काय सांगायचं? की माझ्यासारखी बोलू नकोस? मग कुणासारखी बोलणार होतीस?"

फोन पुन्हा वाजला. सुलक्षणाबाई जवळ होत्या, रागारागाने त्यांनीच उचलला.

"हॅलो! हू इज स्पीकिंग प्लीज?"

पलीकडून असा आनंदाचा चीत्कार आला की पॅसेजभर ऐकू गेला. "व्हाया! देवा, हाच! हाच तो आवाज! मला ठाऊक होतं तू परत येशील!"

सुलक्षणाबाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि एखाद्या आईने दुकानात बदलून घ्यायला आणलेल्या, नेसून मळवलेल्या स्कर्टकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हा मला तू समजतोय."

"मग?"

"मग काय सांगू?"

वैजयंतीने भिंतीला पाठ टेकली. आईचा हात रिसीव्हरवर घट्ट होता, बोटांच्या टोकांना मटाराचा हिरवा रंग लागलेला. आतून कार्ल बारीक आवाजात व्हाया, व्हाया करत होता.

"आवाज तुझा आहे," ती म्हणाली. "तुला पाहिजे ते सांग."

सुलक्षणाबाईंनी पायाने स्टूल ओढून घेतलं, काम वेळखाऊ आहे हे ओळखून त्यावर नीट बसल्या, कार्डिगनचं वरचं बटण लावलं आणि हात काढला.

"मिस्टर कार्ल," त्या म्हणाल्या, "फर्स्ट यू सिट डाऊन."